विश्वाच्या आरंभाचा माग काढणारे धर्मगुरु
मॉन्सिन्योर जॉर्ज लमेत्र (१८९४–१९६६)

आकाशाच्या कोणत्याहि भागाकडे, रात्रीं किंवा भर दिवसां, योग्य यंत्र रोखलें असतां तेथून एक अत्यंत मंद असें प्रारण येत असल्याचें आढळतें. तें सूर्याचें नव्हे, कोणा एका ताऱ्याचेंहि नव्हे. त्याची ऊब इतकी थोडी कीं निरपेक्ष शून्याच्या वर ती अवघी २.७२५ अंश भरते. बर्फाच्या थंडीहून ती २७० अंशांनीं खालीं आहे. विश्व सुमारें ३,८०,००० वर्षांचें असतांना जो प्रकाश प्रथम मोकळा झाला, तोच सुमारें १३८० कोटि वर्षें प्रवास करीत व विझत विझत आज ह्या रूपानें आपणांपर्यंत पोंचतो. तो सर्व दिशांनीं जवळजवळ सारखा येतो. जवळजवळ हा शब्द येथें मुद्दाम घातला आहे. कारण त्यांत एक लक्षांशाएवढे जे उणेअधिक फरक आहेत, त्या फरकांच्या बीजांतूनच पुढें तारे, सूर्य व ही आपली पृथ्वी घडली. आणि त्या फरकांतहि कांहीं विषमता अशा निघाल्या आहेत कीं त्यांचा उलगडा मोठमोठ्या पंडितांस अद्याप झालेला नाहीं. हा प्राचीन प्रकाश हातीं लागण्यापूर्वीं तीसएक वर्षें, विश्वारंभाचा कांहीं तरी अवशेष आजहि आकाशांत उरला असलाच पाहिजे अशा समजुतीनें त्याचा माग काढणारा एक मनुष्य बेल्जममध्यें होता, आणि तो कॅथोलिक धर्मगुरु होता. आपल्या धर्मग्रामांतून आतां पुष्कळ तरुण-तरुणी विज्ञानशाखेस जातात. त्यांस हें नांव ठाऊक असावें म्हणून त्या धर्मगुरूचें चरित्र ह्या स्मरणिकेंत थोडक्यांत देत आहों.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजीं शार्लरवा येथें झाला. शार्लरवा म्हणजे दगडी कोळशाच्या खाणींचें व कांचेच्या भट्ट्यांचें शहर. वडील जोसेफ यांचाहि कांचेचा कारखाना होता. चार भावंडांत जॉर्ज थोरले. गांवांतील येशूसंघीय विद्यालयांत शिकत असतांनाच धर्मगुरु व्हावें व शास्त्रज्ञहि व्हावें अशा दोन्ही इच्छा त्यांच्या मनांत एकदमच उपजल्या, आणि ह्या दोहोंपैकीं एकीस सोडावें लागेल असें त्यांस कधींच वाटलें नाहीं. पुढें कारखाना आगींत गेला व कुटुंब ब्रसेल्सला आलें. १९११ सालीं ते लूव्हेनच्या कॅथोलिक विद्यापीठांत दाखल झाले, तें मात्र इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठीं.

१९१४ च्या ऑगस्टांत जर्मन सैन्य बेल्जममध्यें घुसलें, तेव्हां वीस वर्षांचे जॉर्ज व त्यांचा भाऊ जाक या दोघांनींहि स्वयंसेवक म्हणून सैन्यांत नांव घातलें. इझेर नदीच्या लढाईंत ते पायदळांत होते. मागाहून तोफखान्यांत बदली झाली. तेथील वर्गांत सरकारी पुस्तकांतील गणिताची एक चूक त्यांनीं शिक्षकास दाखवून दिली. परिणाम असा झाला कीं उद्धटपणाचा शेरा बसून त्यांचें अधिकारपद हुकलें. युद्ध संपल्यावर राजाच्या हस्तें शौर्यपदक मिळालें तें साध्या सैनिकाच्या पंक्तींतूनच. चूक दिसली कीं ती सांगावयाची, समोर कोणीहि असो, ही खोड त्यांस जन्मभर राहिली. तिचें दुसरें एक उदाहरण पुढें यावयाचें आहे, तें याहून फारच नाजूक होतें.

चार वर्षें खंदकांत काढून आलेल्या ह्या तरुणानें इंजिनिअरिंग सोडून दिलें. १९२० सालीं गणितांत डॉक्टरची पदवी घेतली, आणि त्याच वर्षीं तो मालीन येथील सेमिनरींत गेला. संत थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास त्यानें विद्यापीठांतच केला होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. सेमिनरींत इतर विद्यार्थी ईशज्ञानाचे ग्रंथ चाळीत, तेव्हां लमेत्र ते तर चाळीतच, पण मोकळ्या वेळीं आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादाचीं समीकरणें सोडवीत बसत. आम्हां सेमिनरींत शिकलेल्यांना मोकळा वेळ म्हणजे काय व किती, हें माहीत आहे. त्यावरून ह्या माणसाच्या चिकाटीची कल्पना करावी. कार्डिनल मेर्सिए हे स्वतः मोठे तत्त्वज्ञ. त्यांनीं ह्या छंदास मज्जाव न करितां उत्तेजन दिलें. २२ सप्टेंबर १९२३ रोजीं त्यांच्याच हस्तें लमेत्र यांस गुरुदीक्षा मिळाली, आणि त्याच शरदांत नवदीक्षित फादर इंग्लंडांत केंब्रिजला एडिंग्टन यांच्या हाताखालीं शिकावयास गेले. दुसऱ्या वर्षीं अमेरिकेंत हार्वर्डच्या वेधशाळेंत शॅप्ली यांच्याकडे. तेथें त्यांस एक गोष्ट प्रत्यक्ष कळली: आकाशांतील बहुतेक दूरचे तेजोमेघ आपल्यापासून वेगानें लांब जात आहेत. हे वेग स्लायफर नांवाच्या अमेरिकन ज्योतिष्यानें वर्षानुवर्षें खपून मोजले होते, परंतु त्यांचा अर्थ कोणास नीट लागला नव्हता.

तो अर्थ लमेत्र यांनीं १९२७ सालीं लावला. आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं विश्वाचें जें चित्र काढलें होतें तें स्थिर होतें. विश्व आहे तेवढेंच राहतें, वाढत नाहीं, आटत नाहीं. लमेत्र यांनीं त्याच समीकरणांवरून दाखविलें कीं विश्व पसरत असलें पाहिजे, तेजोमेघ अवकाशांतून पळत नसून अवकाशच ताणला जात आहे, आणि म्हणून जो तेजोमेघ जितका दूर तितका त्याचा वेग अधिक. ४२ तेजोमेघांचीं वेग-अंतरें घेऊन ह्या प्रसरणाचें मानहि त्यांनीं काढलें: दर ३२ लक्ष ६० हजार प्रकाशवर्षांमागें सेकंदास सुमारें ६२५ किलोमीटर. आजचें मान ७० च्या आसपास आहे, कारण त्या काळीं अंतरेंच फार कमी मोजलीं जात. निबंध फ्रेंचमध्यें, ब्रसेल्सच्या एका शास्त्रीय मंडळाच्या वार्षिकांत छापला गेला. तो कोणी वाचला नाहीं असें म्हटलें तरी चालेल. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ब्रसेल्सला सॉल्व्हे परिषद भरली असतां लमेत्र आइन्स्टाइन यांस भेटले. आइन्स्टाइन यांनीं गणित बिनचूक असल्याचें मान्य केलें, परंतु त्यांतून निघणारी भौतिक कल्पना त्यांस अगदीं असह्य वाटली. फ्रीडमन नांवाच्या रशियन गणित्यानें १९२२ सालींच अशीं उत्तरें काढलीं होतीं, हेंहि लमेत्र यांस त्यांच्याकडूनच कळलें. जगांतील अग्रगण्य शास्त्रज्ञाकडून असा निकाल ऐकून एखादा तरुण अध्यापक खचला असता. लमेत्र लूव्हेनला परत आले आणि आपले वर्ग घेऊं लागले.

१९२९ सालीं हबल यांनीं मोठ्या दुर्बिणीच्या आधारें वेग व अंतर यांचा तोच संबंध प्रसिद्ध केला, आणि नियमास त्यांचें नांव पडलें. १९३१ सालीं लमेत्र यांचा निबंध इंग्रजींत निघाला. पण त्यांत प्रसरणाचें मान देणारा मजकूर गाळलेला होता. तो कोणीं गाळला यावर पुष्कळ काळ तर्क चालले, कोणास त्यांत कपटाचाहि वास आला. २०११ सालीं जुन्या पत्रव्यवहारावरून उघड झालें कीं भाषांतर स्वतः लमेत्र यांनींच केलें होतें, आणि हबल यांचे अधिक चांगले आंकडे आतां उपलब्ध आहेत, तेव्हां आपले जुने आंकडे पुन्हां छापण्यांत अर्थ नाहीं, असें समजून त्यांनींच तो भाग काढला होता. श्रेयासाठीं भांडणें सर्वत्र चालतात. हा मनुष्य मात्र आपल्याच हातानें आपलें श्रेय पुसून मोकळा झाला. २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय ज्योतिःशास्त्र संघाच्या सभासदांनीं मतदान करून त्या नियमास हबल-लमेत्र नियम म्हणावें अशी शिफारस केली.

विश्व पसरत आहे, तर मागें जातां जातां तें कोठें पोंचेल? ९ मे १९३१ रोजीं इंग्लंडांतील 'नेचर' नियतकालिकांत लमेत्र यांचें एक लहानसें पत्र आलें. त्यांत त्यांनीं असें सुचविलें कीं सर्व विश्वाचें द्रव्य आरंभीं एकाच आद्य अणूंत सांठलेलें होतें, व तो फुटत फुटत हें सारें निर्माण झालें. काळ आणि अवकाश यांसहि त्या फुटण्यानंतरच अर्थ येतो. पुंजवादाचा नियम असा कीं एका अणूचें पुढें काय होईल तें आधीं नक्की सांगतां येत नाहीं, केवळ संभव सांगतां येतात. म्हणून लमेत्र यांच्या मतें विश्वाची पुढची सारी हकीकत त्या पहिल्या अणूंत लिहून ठेवलेली नव्हती. त्याच आरंभांतून वेगवेगळीं विश्वें निघूं शकलीं असतीं. पत्राच्या मूळ टंकलिखित प्रतींत शेवटीं आणखी एक वाक्य होतें. ईश्वर हा स्वभावतःच गुप्त आहे आणि भौतिकशास्त्र सृष्टीच्या आरंभावर जणूं पडदा टाकतें, अशा आशयाचें तें होतें. छापण्यापूर्वीं लमेत्र यांनीं त्यावर काट मारली. माझ्या मतें ह्या माणसाचा सारा स्वभाव त्या एका काटेंत आहे. वाक्य खोटें होतें म्हणून नव्हे, तर भौतिकशास्त्राच्या पानावर त्याची जागा नव्हती म्हणून तें गेलें.

आद्य अणु फुटला असेल तर त्याची राख व ठिणग्या कोठें तरी असावयास हव्यात. त्या काळीं आकाशांतून येणारे विश्वकिरण हें मोठें गूढ होतें, आणि लमेत्र यांनीं ठरविलें कीं हेच ते अवशेष. व्हायार्ता नांवाच्या मेक्सिकन शास्त्रज्ञासह त्यांनीं वर्षानुवर्षें खपून, पृथ्वीच्या चुंबकत्वांतून विद्युद्भारित कण कसे वळतील याचें किचकट गणित केलें. तें गणित उत्तम होतें, आणि विश्वकिरण हे भारित कणच आहेत हें ठरविण्यास तें उपयोगीं पडलें. परंतु ते किरण विश्वारंभींचे नव्हेत. त्यांतील बहुतेक आपल्याच आकाशगंगेंत फुटलेल्या ताऱ्यांकडून येतात असें आज मानतात. लमेत्र अवशेष शोधीत होते तें योग्यच होतें, मात्र त्यांनीं धरलेला किरण निराळा होता.

तेजोमेघ कसे बनले असावेत, ह्याचाहि विचार त्यांनीं त्याच वर्षांत केला. त्यांच्या चित्रांत विश्व आरंभीं झपाट्यानें वाढतें, मग कांहीं काळ थबकल्यासारखें होतें, आणि पुन्हां वेग घेतें. त्या थबकलेल्या काळांत द्रव्याच्या विभागणींतील बारीकसारीक उणेअधिकपणा गुरुत्वाकर्षणानें वाढत जाऊन त्यांचे तेजोमेघ होतात. तपशील आज बदलला आहे. पण प्रारंभीच्या सूक्ष्म विषमतेंतूनच आकाशांतील सारी रचना उभी राहिली हा मुख्य धागा शास्त्रानें सोडलेला नाहीं.

आतां तो नाजूक प्रसंग. १९३६ पासून लमेत्र पोपमहाशयांच्या शास्त्रीय अकादमीचे सभासद होते. २२ नोव्हेंबर १९५१ रोजीं परमगुरु बारावे पायस यांनीं त्या अकादमीपुढें भाषण केलें, आणि विश्वास आरंभ होता असें आधुनिक शास्त्र सांगूं लागलें आहे, तें सृष्टिकर्त्याच्या अस्तित्वास पुष्टि देणारें आहे, असा त्याचा रोख होता. सारें कॅथोलिक जग आनंदलें. अस्वस्थ झाले ते लमेत्र. ज्यांच्या सिद्धांताचा हा गौरव होता त्यांनाच तो रुचला नाहीं! त्यांचीं कारणें दोन. आद्य अणु ही एक शास्त्रीय कल्पना होती. उद्यां तीं गणितें चुकलीं तर त्यांवर टेकलेल्या श्रद्धेचें काय? आणि दुसरें, शास्त्रास सांपडणारा आरंभ व ईश्वरानें केलेली उत्पत्ति ह्या एकच गोष्टी नव्हेत. येथें त्यांचे गुरु संत थॉमस आठवतात. जगास आरंभ होता हें श्रद्धेनें कळतें, केवळ तर्कानें तें सिद्ध होत नाहीं, असें त्यांनीं तेराव्या शतकांतच शिकविलें होतें. अनादि विश्वहि ईश्वराचेंच असतें; कारण उत्पन्न करणें म्हणजे केवळ पहिली ठिणगी टाकणें नव्हे, तर प्रतिक्षणीं अस्तित्व देणें होय. १९५२ सालीं रोममध्यें असतांना लमेत्र यांनीं व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख, येशूसंघीय फादर ओकॉनेल, यांच्याशीं विचारविनिमय केला. त्या सप्टेंबरांत जगांतील ज्योतिःशास्त्रज्ञांची परिषद रोमला भरली असतां पोपमहाशयांनीं पुन्हां भाषण केलें. पण त्यांत तो मुद्दा नव्हता. तोफखान्याच्या शिक्षकास चूक दाखवून बढती गमावलेला सैनिक आतां ५८ वर्षांचा झाला होता, आणि ह्या वेळीं त्याचें ऐकलें गेलें. ऐकणाऱ्याचाहि त्यांत मोठेपणा होता, हें सांगितलें पाहिजे.

हा प्रसंग जुना वाटेल. म्हणून लमेत्र यांच्या अखेरच्या दिवसांकडे वळण्यापूर्वीं काळाच्या पुढें जाऊन, आरंभीं उल्लेखिलेल्या विषमतांचें काय झालें तें पाहूं. १९८९ सालीं सोडलेल्या कोबी उपग्रहानें १९९२ सालीं त्या प्राचीन प्रकाशांतील एक लक्षांशाचे फरक प्रथम दाखविले. मग २००१ सालीं डब्ल्यूमॅप व २००९ सालीं प्लांक हे उपग्रह गेले, आणि सर्व आकाशाचा नकाशा उत्तरोत्तर बारकाईनें तयार झाला: कोठें किंचित् ऊन ठिपके, कोठें किंचित् थंड. कोणता ठिपका कोठें असेल हें सिद्धांत सांगत नाहीं. लहान किती, मोठे किती, त्यांचें सरासरी प्रमाण काय, एवढेंच तो सांगतो. लमेत्र यांनीं म्हटल्याप्रमाणें आरंभांत संभव तेवढे असतात. ठिपक्यांचीं हीं प्रमाणें सिद्धांताशीं आश्चर्यकारक रीतीनें जुळलीं. न जुळलें तें थोडेंच, पण तें चुटपुट लावणारें. फार विस्तीर्ण प्रदेशांवरील फरक अपेक्षेहून फिके निघाले. सर्वांत रुंद अशा दोन आकृति एकमेकींशीं समांतर निघाल्या, आणि त्याहि आपल्या ग्रहमालेच्या पातळीशीं कांहींशा जुळत्या. आकाशाच्या एका अर्धांत चढउतार दुसऱ्या अर्धापेक्षां ठळक. शिवाय एरिडानस तारकासमूहाच्या दिशेस एक मोठा थंड डाग. त्याच्या वाटेंत २०१५ सालीं तेजोमेघांची विरळ वस्ती असलेली विस्तीर्ण पोकळी आढळली, तरी तिनें त्या थंडीचा थोडाच भाग समजतो.

ह्या विषमता खऱ्या, कीं फाशांचा खेळ? एकेक घेतली तर शंभर-दोनशेंत एखाद्या वेळीं अशी गोष्ट योगायोगानेंहि घडते. पण नकाशा आधीं पाहून मग त्यांत नवलाई शोधूं लागलें, तर कांहीं ना कांहीं सांपडतेंच. डब्ल्यूमॅपच्या मंडळीनें गंमतीनें पण गंभीर हेतूनें दाखविलें कीं त्यांच्या नकाशांत स्टीफन हॉकिंग यांच्या नांवाचीं इंग्रजी आद्याक्षरेंहि स्पष्ट वाचतां येतात! शिवाय पुन्हां फांसे टाकून पाहण्याची सोय नाहीं. विश्व एकच, आकाश एकच. विषमतेची ही परीक्षा चोखपणें कशी करावी, याची एक गणिती रीत आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेंत तरुण सौरदीप व अमीर हाजियन यांनीं २००३ सालीं मांडली. त्याच संस्थेचे संस्थापक, कोल्हापुरांत जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर, महास्फोटाच्या कल्पनेस अखेरपर्यंत, म्हणजे २०२५ सालीं त्यांचें देहावसान होईपर्यंत, विरोध करीत राहिले. असे विरोधक असणें हें शास्त्राच्या आरोग्याचें लक्षण आहे.

परंतु ग्रहमालेच्या पातळीशीं जुळणारी ती आकृति पाहून कांहीं मंडळींस, त्यांत श्रद्धावंत कॅथोलिकहि होते, पृथ्वी विश्वाच्या मध्यभागीं आहे याचा पुरावाच मिळाल्यासारखें वाटलें. २०१४ सालीं अमेरिकेंत त्यावर एक बोलपटहि निघाला. लमेत्र असते तर काय करते, हें १९५१ च्या हकीकतीवरून वाचकांस सांगावयास नको. त्यांची धारणा अशी होती कीं पवित्र शास्त्र तारणाचा मार्ग शिकवितें, पदार्थविज्ञान शिकवीत नाहीं. म्हणूनच वेधशाळेंत ते इतर शास्त्रज्ञांप्रमाणेंच आंकडे मोजीत आणि वेदीपाशीं मिस्सा अर्पीत. दोहोंपैकीं कोठेंहि ते अर्ध्या मनानें उभे राहिले नाहींत.

उतारवयांत त्यांचें मन गणनयंत्रांत रमलें. १९५८ सालीं त्यांच्या खटपटीनें लूव्हेनला बरोज ई-१०१ हें विद्यापीठाचें पहिलें इलेक्ट्रॉनिक यंत्र आलें, आणि साठी उलटलेले हे धर्मगुरु त्यापुढें तासन् तास बसूं लागले. १९६० सालीं ते शास्त्रीय अकादमीचे अध्यक्ष झाले व त्यांस मॉन्सिन्योर ही पदवी मिळाली. १९६४ च्या डिसेंबरांत हृदयविकाराचा झटका आला, आणि त्यानंतर रक्ताच्या कर्करोगानें गांठलें.

त्याच १९६४ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सीमध्यें पेन्झिअस व विल्सन हे दोन शास्त्रज्ञ एका कर्ण्याच्या आकाराच्या आकाशकेंतील न हटणाऱ्या खरखरीशीं झगडत होते. त्यांनीं आंत घरटें केलेलीं कबुतरें हांकललीं, त्यांची विष्ठा धुवून काढली, सांधे तपासले. खरखर राहिलीच, आणि ती सर्व दिशांनीं सारखी. आल्फर व हर्मन यांनीं १९४८ सालीं भाकित केलेलें, आणि मग बहुतेक विसरलें गेलेलें, तेंच हें प्राचीन प्रारण होतें. १९६५ सालीं ही वार्ता प्रसिद्ध झाली. लमेत्र यांच्या कल्पनेंतील आरंभ थंड होता, एका प्रचंड किरणोत्सर्गी अणूचा. हें प्रारण सांगत होतें कीं आरंभ अतिशय तप्त होता. तरी मुख्य गोष्ट, कीं विश्वास बालपण होतें व त्याची खूण आजहि आकाशांत आहे, ती खरी ठरली होती. लूव्हेनला आजारी असलेल्या लमेत्र यांच्याजवळ जाऊन त्यांचे जुने साहाय्यक ओदों गोदार यांनीं त्यांस ही बातमी सांगितली. ती ऐकून त्यांस फार समाधान झालें. २० जून १९६६ रोजीं त्यांनीं देह ठेविला, आणि शार्लरवाजवळच्या मार्सिनेल येथील दफनभूमींत त्यांस पुरण्यांत आलें.